रोप ब्लॉकसाठी कोणती गाठ? इंदूरहून रॅपलिंगला जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

पावसाळा ओसरायला लागला की इंदुरात आपल्या मंडळींचे प्रश्न सुरू होतात. कोणी इंदूरजवळच्या तिंछा-चोरलकडे जाऊन आलेलं असतं, कोणी जोगी भडक धबधब्याला रॅपलिंग (रोपवरून कडा उतरणं) केलेलं असतं, आणि दिवाळीच्या सुट्टीत एबी रोड (आग्रा-मुंबई रस्ता) धरून नाशिकमार्गे सह्याद्रीतल्या सांधण व्हॅलीला जायचा प्लॅन तर दर वर्षी कोणाचा ना कोणाचा शिजतोच. प्रश्न फिरून फिरून तेच येतात म्हणून एकत्र लिहून ठेवतोय. एक आधीच सांगतो, हे वाचून कोणी लगेच कड्यावर जाऊ नका. शिकवणारा माणूस सोबत असताना हातात रोप धरून जे कळतं ते वाचून कळत नाही, वाचल्यामुळे फार तर त्याला प्रश्न नीट विचारता येतील.

ब्लॉक म्हणजे नक्की काय? डबल रोपने उतरतोच की आपण, मग हे कशाला?

डबलमध्ये रोप वरच्या अँकरच्या (कड्यावरच्या पक्क्या आधाराच्या) कडीतून अर्ध्यावर ओवतो, दोन्ही बाजू खाली सोडतो आणि दोन्ही बाजू डिसेंडरमधून (रोपला घर्षण देऊन उतरायचा वेग आवरणारं साधन) घेऊन उतरतो. ब्लॉकमध्ये रोप कडीतून जातो पण कडीच्या एका बाजूला जाडजूड गाठ किंवा गाठीसकट कॅराबिनर (उघडणारं गेट असलेला धातूचा हूक, थोडक्यात बाइनर) बसवतो, तो कडीतून पार होत नाही म्हणून दुसरी बाजू फिक्स होते. त्या फिक्स बाजूवर एकेक जण उतरतो, सगळे खाली आले की गाठ असलेली बाजू ओढायची, रोप खाली. शर्टाचं बटण काजाला अडतं तसंच हे.

फायदा काय तर रोपचं वजन. समजा धबधबा 25 मीटरचा आहे, डबलला 50 मीटर रोप लागणार. ब्लॉक केला तर 25 मीटरचा मेन रोप आणि तेवढीच बारीक पुल कॉर्ड (रोप खाली ओढून घ्यायची दोरी), पाठीवर वजन बरंच कमी. दुसरा फायदा पाण्यातला, आणि माझ्या मते तो मोठा आहे. खाली डोह असेल तर दोन मोकळे रोप पाण्यात पायाला गुंडाळतात. सिंगल रोपची लांबी वरून अशी सेट करता येते की टोक जेमतेम पाण्याला टेकेल, माणूस उतरत उतरत रोप संपतो आणि तो आपोआप मोकळा होऊन पोहायला लागतो, पाण्यात तरंगत डिसेंडर सोडवायची झटापट नाही.

बरं, मग सगळ्यात सेफ गाठ कोणती? एकच नाव सांगा.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो असा विचारला की उत्तर चुकतंच. गाठ एकटी सेफ नसते, गाठ आणि कडी यांची जोडी सेफ असते. 9 मिमीच्या रोपची फिगर एट एखाद्या छोट्या मेलॉनमध्ये (नट फिरवून बंद होणारी कडी, तीच क्विक लिंक) मस्त अडेल आणि तीच गाठ दुसऱ्या कड्यावरच्या मोठ्या वेल्डेड रिंगमधून सर्रकन निघून जाईल. गाठ तीच, बांधणाराही तोच. म्हणून आधी कडी बघायची, हातात धरायची, तिची आतली जागा किती आहे ते बोटं घालून बघायचं, मग गाठ ठरवायची.

तरी नाव पाहिजेच असेल तर लॉकिंग कॅराबिनरवर (गेट स्क्रूने बंद होतं तो) क्लोव्ह हिच, म्हणजे दोन वेढ्यांची गाठ. कॅन्यनिंगवाले (घळीतून पाण्याच्या वाटेने उतरणारे) हे बरंच वापरतात, आपल्याकडे त्याला सरळ बाइनर ब्लॉक म्हणतात. बांधायला सोपा, नजरेने चेक करता येतो, आणि भार पडून गेल्यावरही सुटतो.

बाइनर ब्लॉक कसा बांधायचा, नीट सांगा.

आधी स्वतः अँकरला काऊटेल (हार्नेसला बांधलेला, स्वतःला अडकवून ठेवायचा छोटा दोर) लावा, ते लावल्याशिवाय पुढचं काहीच नाही. रोप कडीतून ओवा, किती रोप खाली पाहिजे ते ठरवा. आता कडीतून बाहेर पडणारी जी पुलची म्हणजे नंतर ओढायची बाजू आहे, तिच्यावर कडीला अगदी चिकटून, लॉकिंग कॅराबिनरच्या पाठीवर म्हणजे गेटच्या समोरच्या सरळ बाजूवर क्लोव्ह हिच घाला. दोन्ही टोकं वेगवेगळी ओढून घट्ट करा, दोन वळणं शेजारी शेजारी बसली पाहिजेत, एकमेकांवर चढलेली नकोत. स्क्रू लॉक करा. मग लोडची बाजू, म्हणजे जिच्यावर माणूस उतरणार ती, खाली ओढून ब्लॉक कडीला टेकवा.

हे टेकवणं लोक विसरतात. ब्लॉक आणि कडी यांच्यात वीतभर ढील राहिली तर पहिला माणूस रोपवर बसताना तेवढा खाली आदळतो, अँकरला झटका बसतो आणि गाठही तिरकी होऊन कडीत घुसायला बघते. गेट कातळाच्या बाजूला नको, बाहेरच्या बाजूला दिसलं पाहिजे. कातळावर घासून स्क्रू फिरू शकतो, आणि गेट उघडलं तर क्लोव्ह हिच कॅराबिनरवरून निघून जाते, मग ब्लॉक नावाची गोष्टच उरत नाही. म्हणून साधा बिनलॉकचा कॅराबिनर इथे चालत नाही, घाई असली तरी नाही, कड्यावर बाकी कोणाकडे लॉकिंग उरला नसला तरी नाही.

कॅराबिनर फार मोठा पण नको. मोठा पेअर शेपचा (एचएमएस प्रकारचा) कॅराबिनर कडीत नक्कीच अडतो पण रोप ओढताना झुडपात आणि कपारीतही तोच आधी अडकतो. मध्यम साइजचा, जमलं तर ओव्हल, बरा पडतो.

कडी कोणती चालते? सियागंजच्या बाजारात क्विक लिंक फार स्वस्त मिळते, ती घेऊ का?

नको. सियागंजवर माझं प्रेम आहे, घराच्या गेटची साखळी मी तिथूनच आणली, पण माणूस लटकवायला नाही. क्विक लिंकवर भार किती घेते ते किलो किंवा केएनमध्ये (किलोन्यूटन) कोरलेलं असतं आणि चढाईच्या लिंकवर ईएन 12275 या युरोपियन स्टँडर्डचा शिक्का असतो, त्या स्टँडर्डमध्ये क्यू नावाचा प्रकारच क्विक लिंकसाठी आहे. काहीच कोरलेलं नसेल तर ती साखळी जोडायची लिंक समजा. शिक्का असला तरी नट पूर्ण आवळा, अर्धवट उघड्या लिंकची ताकद पार कमी होते.

आता ब्लॉकच्या दृष्टीने कडी बघताना ही एक टेस्ट करा: रोप ओवायच्या आधी तुमचा कॅराबिनर कडीतून उभा, आडवा, टोकाकडून, कसाही घालून बघा. कुठल्याही बाजूने गेला तर त्या कडीवर तो ब्लॉक होत नाही, विषय संपला. मग स्वतःच्या बॅगेतली छोटी क्विक लिंक अँकरला लावा आणि तिच्यातून रोप घ्या. ती तिथेच राहणार, चार पैसे गेले असं समजायचं.

नुसत्या स्लिंगमधून (अँकरला अडकवलेला कापडी पट्ट्याचा फास), कडी न लावता, ब्लॉक कधीच नाही. एक तर गाठ कापडात रुतते, आणि रोप ओढताना नायलॉनवर नायलॉन घासून स्लिंग वितळायला लागते, तुमच्या मागून येणारा कोणी त्याच स्लिंगवर विश्वास टाकणार आहे.

कॅराबिनर न लावता नुसत्या गाठीचा ब्लॉक चालतो का? ओव्हरहँड, फिगर एट, नाइन वगैरे?

चालतो, लोक वापरतात, आणि त्याची बाजू पण आहे. वरून धातूचा तुकडा खाली येत नाही, आणि रोप ओढताना कपारीत अडकायचा चान्स थोडा कमी. पण कडी छोटी पाहिजे आणि बॅकअप पाहिजे.

ओव्हरहँड सगळ्यात बारीक गाठ. रोप भिजला आणि त्यावर सात-आठ जण उतरले की गाठ आवळत आवळत लहान होते, सकाळी अडलेली गाठ दुपारी कडीच्या तोंडात निम्मी गेलेली दिसते. मी एकट्या ओव्हरहँडवर ब्लॉक करत नाही. बाइटवर (रोप दुमडून दुहेरी करून) बांधलेली फिगर एट तिच्यापेक्षा जाड, फिगर नाइन अजून जाड, एक वेढा जास्त असतो ना, आणि भार पडल्यावर सुटायलाही ती एटपेक्षा बरी. कोणी कोणी एका गाठीमागे दुसरी गाठ बांधतात, पण लक्षात घ्या, पहिली कडीतून गेली तर त्याच साइजची दुसरी का अडेल? दोन गाठींचा उपयोग तेव्हाच जेव्हा दुसरी जास्त जाड आहे.

बॅकअप म्हणजे काय करायचं?

बाइटवर फिगर एट किंवा नाइन बांधली की तिचा एक लूप उरतो. त्या लूपमध्ये लॉकिंग कॅराबिनर घाला आणि तो लोडच्या बाजूच्या रोपभोवती क्लिप करा, लॉक करा. आता गाठ कडीतून निसटली तरी तो लूप लोडच्या रोपला धरून आहे, कडीभोवती फास आवळला जातो आणि माणूस लटकलेला राहतो. आणि पुलची बाजू ओढली की तो कॅराबिनर लोडच्या रोपवरून घसरत सगळ्यांबरोबर खाली येतो, म्हणजे शेवटच्या माणसालाही बॅकअप काढायची गरज नाही. चढाईवाले याला रीपश्नूर म्हणतात. पाच मिनिटाचं काम नाही, पाच सेकंदाचं आहे, तरी लोक टाळतात, का ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

चुकीची क्लिप कशी ओळखायची? कॅराबिनर पुलच्या बाजूवरच लावला असेल तर तो बॅकअप नाही, दागिना आहे.

स्टोन नॉट हा ब्लॉकच ना?

नाही. स्टोन नॉटमध्ये दोन्ही बाजू एका गाठीत अडकवून मध्ये कॅराबिनर खुपसतात, त्यामुळे दोन्ही बाजू एकमेकींपासून वेगळ्या होतात आणि दोन जण एकाच वेळी एकेका बाजूवर उतरू शकतात. मोठा ग्रुप असेल तर वेळ फार वाचतो. पण कॅराबिनर काढला की गाठ उलगडते, रोप परत साधा डबल. म्हणजे शेवटच्या माणसाने तो काढून डबलवर उतरायचं किंवा वेगळा ब्लॉक करायचा. याच गाठीत काडी घालून खालून काढायचा एक प्रकार आहे, फिडलस्टिक म्हणतात, व्हिडिओ बघून तो कोणी करायला जाऊ नका.

वाहत्या धबधब्यात पण हाच ब्लॉक करायचा?

इथे थोडं थांबून वाचा.

कोरड्या घळीत फिक्स ब्लॉक ठीक आहे. धबधब्याची धार अंगावर असेल तर फिक्स ब्लॉक हा सापळा होऊ शकतो. कोणाचे केस, टी-शर्टचं टोक, हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी डिसेंडरमध्ये अडकली, किंवा नुसताच घाबरून माणूस धारेखाली थांबला, की वरून पाणी तोंडावर आदळत राहतं, श्वास घ्यायला जागा नसते. वरचा माणूस बघतोय आणि काही करू शकत नाही, कारण भार असलेला ब्लॉक सुटत नाही. क्लोव्ह हिच कितीही चांगली बांधलेली असो, तिथे तिचा चांगलेपणाच आड येतो.

म्हणून वाहत्या पाण्यात रोप असा बांधायचा की भार असताना वरून सोडता येईल. रोप कडीतून घेऊन अँकरवरच्या कॅराबिनरला मुंटर हिच (रोप हळूहळू सोडता येणारी गाठ), तिच्यावर म्यूल (तिला अडवणारी, भारातही सुटणारी गाठ), आणि वर ओव्हरहँडचं लॉक. किंवा फिगर एट डिसेंडरलाच ब्लॉक म्हणून कडीला टेकवून लॉक करतात, तो पण सुटतो. माणूस अडकला की वरचा ते लॉक काढतो आणि त्याला हळूहळू डोहात सोडतो. पण त्यासाठी वरती बॅगेत तेवढा जादा रोप पाहिजे. खाली रोप बरोबर पाण्याला टेकवलाय आणि वरती शिल्लक काहीच नाही, तर सोडणार काय? अर्ध्यावर अडकलेल्याला खाली आणायला निदान उरलेल्या उंचीइतका रोप वर लागतोच.

सगळे उतरले की शेवटचा माणूस ही सिस्टिम काढून बाइनर ब्लॉक करतो किंवा डबलवर उतरतो. तो अडकला तर त्याला सोडायला वर कोणी नाही, म्हणून तो सगळ्यात अनुभवी पाहिजे.

आणि धारेखाली रोपवर प्रुसिक किंवा ऑटोब्लॉक (हात सुटला की रोपवर आवळून माणसाला थांबवणाऱ्या गाठी) लावून उतरू नका. कोरड्यात ते जीव वाचवतं, पाण्यात हात सुटला की तुम्हाला तिथेच धारेखाली टांगून ठेवतं. त्यापेक्षा खाली उतरलेल्याने रोप धरून फायरमन बेले द्यावा, म्हणजे गरज पडली की रोप ताणून उतरणाऱ्याला थांबवावं.

चुकून पुलच्या बाजूवर उतरलो तर?

सरळ खाली. ब्लॉक कडीपासून लांब पळतो, रोप कडीतून वाहत सुटतो आणि माणूस रोपसकट पडतो. या सगळ्या प्रकारात माझ्या मते सगळ्यात घातक गोष्ट हीच आहे आणि ती गाठीच्या चुकीने होत नाही, दोन्ही रोप शेजारी लटकत असतात, दोन्ही ओले आणि चिखलाने एकाच रंगाचे झालेले असतात, सकाळी पाचला पोहे-जलेबी खाऊन निघालेला माणूस दुपारी चारला थकलेला असतो.

उपाय साधा. पहिल्या माणसाची टेस्ट सोडली तर पुलची बाजू शेवटच्या माणसापर्यंत खाली टाकूच नका, बॅगेतच राहू द्या. हाताशी एकच रोप दिसला तर एकावरच डिसेंडर लागेल. पुल कॉर्ड वेगळ्या रंगाची घ्या, मेन रोप निळा असेल तर पिवळी. आणि प्रत्येकाने, म्हणजे प्रत्येकाने, डिसेंडर लावल्यावर काऊटेल अँकरलाच ठेवून आधी अंग रोपवर टाकून बघायचं. ब्लॉक कडीला घट्ट बसतो की हलतो ते डोळ्यांनी बघायचं. घट्ट बसला, मगच काऊटेल काढायची. कोणी म्हणेल की चल ना भिया, मी केलंय चेक, तर त्याला म्हणायचं तू तुझं केलंस, मला माझं करू दे.

पहिला माणूस खाली गेल्यावर काय?

पहिल्याचं काम फक्त उतरणं नाही. पाणी किती खोल, रोप किती लांब झाला ते तो सांगतो, आणि मग बाकीचे वर असतानाच, टेस्टपुरती खाली सोडलेली पुलची बाजू एकदा ओढून बघतो. ब्लॉक कडीपासून वीतभर सहज सरकला पाहिजे. जड जात असेल तर वर माणसं आहेत, कडीची दिशा बदलता येते, रोप कड्याच्या काठावरून दुसरीकडून घेता येतो. ही टेस्ट चालू असताना रोपवर कोणी नसतं, सगळे काऊटेलवर, हे वेगळं सांगायला नको पण सांगतोच. टेस्ट झाली की पुलची बाजू वर बॅगेत, ब्लॉक परत कडीला टेकवून पुढचा माणूस. पाण्याच्या आवाजात ओरडणं ऐकू येत नाही म्हणून शिट्टीचे इशारे गाडीतच ठरवून घ्या.

पुल कॉर्ड किती जाडीची? आणि ती मेन रोपला कशी जोडायची?

साधारण 6 मिमी. त्याहून बारीक ओढताना हात कापते आणि गुंता फार होतो. फक्त ओढायला आहे ती, तिच्यावर माणूस नाही.

जोडगाठीलाच ब्लॉक समजणं टाळा. मेन रोपवर कडीजवळ स्वतंत्र बाइनर ब्लॉक किंवा बॅकअपसकट फिगर एट बांधा आणि कॉर्ड त्याच्या मागच्या बाजूला जोडा. एकसारख्या जाडीचे दोन रोप जोडायचे असतील तर फ्लॅट ओव्हरहँड, शेपट्या निदान 30 सेंटीमीटर, चारी बाजू एकेक करून ओढून घट्ट. फ्लॅट फिगर एट मात्र नको, दिसायला जास्त भक्कम वाटते पण भाराखाली ती उलटी गुंडाळत गुंडाळत शेपटीकडे सरकते. जाडीत फार फरक असेल तर फ्लॅट ओव्हरहँडही नको, डबल फिशरमन बांधा.

आई विचारते एका दोरावर उतरता, तुटला तर? काय सांगू?

खरं ते सांगा. ईएन 1891 च्या ए टाइप स्टॅटिक (फार न ताणणाऱ्या) रोपला निदान 22 केएन भार सोसावा लागतो, म्हणजे सव्वादोन टनाच्या आसपास, आणि टोकाला गाठ असताना 15 केएन भार तीन मिनिटं. गाठीने ताकद कमी होते हे त्या टेस्टमध्येच धरलेलं आहे. बी टाइप थोडा हलका, 18 केएन, गाठीसकट 12. चार माणसं एकदम लटकली तरी नुसत्या वजनाने रोप तुटत नाही.

कापला मात्र जातो. आणि हे आपल्या भागासाठी महत्त्वाचं आहे. माळव्याचं पठार काय आणि सह्याद्री काय, दोन्ही डेक्कन ट्रॅपचा बसाल्ट, त्याच्या फुटलेल्या कडा धारदार असतात. सिंगल रोपवर उतरणारा माणूस वर-खाली हलतो, आणि रोप फिक्स असल्यामुळे घासतो तो प्रत्येकाच्या वेळी त्याच एका जागी. काठावर रोप प्रोटेक्टर किंवा जाड कापड टाका. सोडता येणारी सिस्टिम असेल तर प्रत्येक माणसानंतर वीतभर रोप सोडा म्हणजे घासायची जागा बदलते. ब्लॉकपेक्षा डबलचा एक फायदा इथे लोक सांगतात की एक बाजू कापली तरी दुसरी हातात असते, पण नीट विचार करा, कडीतून ओवलेल्या डबलमध्ये एक बाजू कापली तर दुसरी पण कडीतून निघून येते. तेव्हा काठावर लक्ष दोन्हीत द्यायचंच आहे.

डबलची सवय आहे, सिंगलवर डिसेंडर फार जोरात सुटतो.

सुटणारच, घर्षण निम्म्यावर आलं ना. 9 मिमीचा ओला रोप आणि साधा फिगर एट डिसेंडर, त्यात हलका माणूस असेल तर ठीक, 80-90 किलोचा असेल तर हात भाजतो. एटमध्ये एक वेढा जास्त घ्या किंवा ब्रेकची बाजू पायाजवळच्या दुसऱ्या कॅराबिनरमधून फिरवा. काऊटेल काढायच्या आधी, काठावरच, हे कळून घ्यायचं.

पावसाळ्यातच मजा आहे, तेव्हाच जाऊ का?

इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याला 2011 च्या जुलैत अचानक लोंढा आला आणि पिकनिकला आलेल्या कुटुंबातली माणसं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली, इंदुरात ज्यांनी तो व्हिडिओ पाहिला त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. ते लोक रोपवर पण नव्हते. वरच्या बाजूला कुठेतरी ढग फुटलेला असतो आणि तुमच्या डोक्यावर ऊन असतं. घळीत असताना पळायला बाजू नसते. पाऊस थांबून धारा बारीक झाल्यावर जा, सांधणला तर त्याशिवाय जाऊच नका, तिथे एकदा रोप ओढून घेतला की परत वर नाही, डेहणे गावाच्या बाजूलाच उतरावं लागतं.

इंदुरात प्रॅक्टिस कुठे करायची?

जिन्यात. खरंच. रामबागेतल्या जुन्या घराच्या जिन्याचा लोखंडी कठडा मजबूत असेल तर त्याला स्लिंग आणि क्विक लिंक लावा, पाय जमिनीवरच ठेवा, आणि वेगवेगळ्या कड्यांवर वेगवेगळे ब्लॉक बांधून अंगाचा भार टाकून बघा. रोप बादलीत भिजवून परत तेच करा, ओली गाठ कडीत किती आत जाते ते बघण्यासारखं असतं. कोरडी फिगर एट लिंकच्या बाहेर फुगून बसते, ओली आणि आवळलेली तिच्यात खांद्यापर्यंत रुतते. शेजारचे आजोबा काय चाललंय म्हणून विचारतील, त्यांना सांगा.

मग ग्लोव्हज घालून करा. मग लाइट घालवून करा.

रोप ओढल्यावर बाइनर डोक्यात पडेल ना?

पडतो, आणि शेवटचे काही मीटर तो फटक्यासारखा येतो. ओढणारा सोडून बाकी सगळे बाजूला, ओढणाराही थेट खाली उभा नको, हेल्मेट शेवटच्या माणसाचं पण डोक्यावरच. पडलेला कॅराबिनर उचलून गेट, स्क्रू आणि चिरा बघा. सारखा कातळावर आपटून येणारा कॅराबिनर ब्लॉकसाठीच वेगळा ठेवलेला बरा, त्याच्यावर रंगाची टेप मारा.

गाठ इतकी आवळली की सुटतच नाही.

क्लोव्ह हिचमधून कॅराबिनर काढा, गाठ आपोआप उलगडते, बाइनर ब्लॉकचं निम्मं सुख यातच आहे. फिगर एट असेल तर तिची पाठ मोडायची, म्हणजे बाहेरचा वळसा दोन्ही अंगठ्यांनी पुढे ढकलायचा. दात लावू नका.

आणि रोप वरच अडकला तर?

दोन्ही टोकं अजून हातात आहेत का, हे आधी बघा. असतील तर घाबरू नका. लोडची बाजू ओढून ब्लॉक परत कडीला टेकवा, मग कड्यापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब जाऊन वेगळ्या कोनातून पुलची बाजू ओढा, रोपला लाट देऊन बघा. चार जणांनी मिळून खेचायला लागलात तर कपारीत गेलेला बाइनर पाचरीसारखा बसतो, तेव्हा आधी दिशा बदला, ताकद नंतर.

एक टोक वर निघून गेलं असेल तर हातातल्या रोपवर चढायला जाऊ नका, कोणी कितीही तयारीचा असला तरी. वर तो रोप कशाला अडलाय ते माहीत नसतं, कपारीतला एक दगड असू शकतो, झुडपाची फांदी असू शकते, ओढल्यावर आला नाही याचा अर्थ माणसाचं वजन घेईल असा होत नाही. जेवढा रोप हाताशी आहे तेवढा कापून घ्या आणि पुढच्या टप्प्यांना तो आणि बॅगेतला स्पेअर रोप वापरा. म्हणूनच स्पेअर रोप न्यायचा, आणि म्हणूनच तो सगळ्यात शेवटच्या माणसाच्या बॅगेत नाही, मधल्या कोणाच्या तरी बॅगेत ठेवायचा. वर राहिलेला तुकडा नंतर कधीतरी वरून जाऊन काढता येतो, नाही काढता आला तर गावातल्या कोणाला तरी सांगून या, गुराख्यांना तो चांगला उपयोगी पडतो.